कोरे कापड तसेच गोधडीत घालू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की हस्तकलेची प्रदर्शने सुरू होतात आणि पुरवण्यांतून गोधडीचे कौतुक छापून येते. कौतुक रास्तच आहे. पण त्यात एक गोष्ट कधी वाचायला मिळत नाही. नव्या कापडाने ज्यांच्या अंगावर पुरळ उठते, कापडाच्या दुकानात पाऊल टाकले की ज्यांचे डोळे चुरचुरतात आणि डोके चढते, त्यांनी गोधडी शिवायची कशी? दुसऱ्याने शिवून दिलेली पांघरायची कशी? त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘कॉटन वापरा’. हा सल्ला अर्धवट आहे, कधीकधी चुकीचाही.

कापसाच्या धाग्याची स्वतःची ॲलर्जी फार क्वचित असते. त्रास देते ते धाग्यावर चढवलेले: खळ, रंग, सुरकुती पडू नये म्हणून दिलेला लेप, मऊपणासाठीचे सिलिकॉन, वरून मारलेला वास. जुन्या वाकळा बहुधा कोणाला बाधत नसत. त्यांतली लुगडी आणि धोतरे वाकळेत जाण्याआधी वर्षानुवर्षे दगडावर आपटली गेलेली आणि उन्हात वाळलेली असत. सुटून अंगाला लागण्यासारखे त्यांच्यावर काही उरलेलेच नसे. आताच्या गोधडीत काय जाते? ओटीत आलेले आणि एकीकडून दुसरीकडे फिरत राहिलेले ब्लाउजपीस, शिंप्याकडची कात्रणे, नाहीतर ‘पॅचवर्क किट’ म्हणून विकले जाणारे छापील चौकोन. सगळेच कोरे. ब्लाउजपीस तर बऱ्याचदा खळीच्या जिवावरच उभे असतात, आणि ‘कॉटन’ म्हणून मिळालेल्यात पॉलिस्टर मिसळलेले असते. कात्रणांचीही तीच गत.

त्रास तीन प्रकारचे असतात. आपला कोणता ते आधी ओळखावे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कापडावरच्या रसायनाची खरी त्वचेची ॲलर्जी उशिरा उठते, संपर्कानंतर एक ते चार दिवसांनी. म्हणूनच ‘दुकानात हात लावून पाहिले, काही झाले नाही’ याला अर्थ नसतो. ती घामाच्या आणि घासण्याच्या जागी येते: मानेवर, कोपराच्या खोबणीत, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेच्या कडांवर. काखेच्या ऐन खळग्यात पुरळ असेल तर आधी डिओडरंटवर संशय घ्यावा. कापडाचे पुरळ खळगा सोडून कडेने उठते. शिवणाऱ्याच्या बाबतीत बोटांची पेरे आणि मनगटे आधी बोलतात. दुसरा प्रकार धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा, म्हणजे डस्ट माइटचा. पांघरूण अंगावर घेताच शिंका, नाक चोंदणे, दमा. आणि हे नव्यापेक्षा जुन्या, न धुतलेल्या गोधडीने जास्त होते. तिसरा प्रकार वासाचा. उग्र वासाने डोके दुखणे, मळमळणे, श्वास जड होणे. अनेक रसायनांनी असे होणाऱ्या त्रासाला अमेरिकी डॉक्टर मार्क कलन यांनी १९८७ साली ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ या नावाने व्याख्या दिली. वैद्यकात त्यावर आजही एकमत नाही आणि तिची खात्रीची चाचणी नाही. चाचणी नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. फक्त उपाय स्वतःच एकेक वस्तू वगळून शोधावा लागतो.

पहिल्या प्रकारासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. नेहमीच्या संचात कापडाचे सगळे रंग नसतात. म्हणून संशय असलेल्या कापडाचा न धुतलेला तुकडा सोबत न्यावा आणि त्याचीही पट्टी लावा असे सांगावे.

आता ‘कॉटन’ या शब्दाबद्दल. शंभर टक्के सुती असून सुरकुतत नाही, अशा कापडावर बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइडपासून, म्हणजे त्वचेला आणि डोळ्यांना बाधणाऱ्या उग्र वासाच्या रसायनापासून, केलेल्या रेझिनचा (राळेसारख्या पदार्थाचा) लेप असतो. हे रेझिन कापसाच्या तंतूंना रासायनिकरीत्या बांधलेले असते. मोकळे फॉर्माल्डिहाइड एक-दोन धुण्यांत बरेचसे निघते. बांधलेले मात्र ऊब, दमटपणा आणि घाम मिळाला की पुढेही थोडे थोडे सुटत राहते. पांघरुणाखाली या तिन्ही गोष्टी असतात! इस्त्रीच्या वाफेने तर ते भसकन सुटते; डोळ्यांना झोंबणारा तो वास ओळखीचा असेल.

हे कापड दुकानातच पकडता येते. कोपरा मुठीत घट्ट चुरगळून अर्धा मिनिट धरावा आणि सोडावा. साध्या सुती कापडावर कागद चुरगळल्यासारख्या सुरकुत्या राहतात. कापड उसळून सपाट झाले, तर एक तर त्यात पॉलिस्टर आहे किंवा रेझिन. कोणते, ते घरी चार-पाच दोरे काढून, चिमट्यात धरून, उघड्यावर जाळून पाहावे. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळून मऊ राख पडते. सुरकुतत नाही आणि तरी कागदासारखे जळते, असे कापड रेझिनचे समजून बाजूला ठेवावे. कितीही धुतले तरी ते गोधडीलायक होत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची रीतही सांगतात, पण ती फसवी आहे. कोऱ्या मांजरपाटावर कसलाच लेप नसला तरी कापसाच्या नैसर्गिक मेणामुळे थेंब तसाच बसून राहतो.

कापडाच्या काठावरच्या सगळ्याच शिक्क्यांना घाबरायचे कारण नाही. ‘सॅनफोराइज्ड’ म्हणजे यंत्राने दाबून आधीच आटवलेले. त्यात रसायन नाही. ‘मर्सराइज्ड’ म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेले, आणि तो सोडा गिरणीतच धुऊन निघतो. सावध व्हायचे ते ‘रिंकल फ्री’, ‘नो आयर्न’, ‘स्टेन रिपेलंट’, ‘अँटिबॅक्टेरियल’ या शब्दांना. आणि ‘ऑरगॅनिक कॉटन’ म्हटले की लोक निर्धास्त होतात ते चूक आहे. तो शब्द एकटा असेल तर शेतातल्या कापसाबद्दल बोलतो, त्यानंतरच्या रंगाबद्दल किंवा लेपाबद्दल नाही. प्रक्रियेलाही मर्यादा घालणारे प्रमाणपत्र हवे, उदाहरणार्थ ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड). ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ या, तयार कापडातली घातक रसायने तपासणाऱ्या प्रमाणपत्रामध्ये फॉर्माल्डिहाइडची मर्यादा वापरावर ठरते: बाळांच्या कापडाला किलोमागे १६ मिलिग्रॅम, अंगाला लागणाऱ्या कापडाला ७५, पडद्यांसारख्या गृहसजावटीच्या कापडाला ३००. म्हणजे पडद्याच्या कापडाची सुंदर गोधडी होते हे खरे, पण ते कापड अंगावर घेण्याच्या हिशेबाने तपासलेले नसते. जपानमध्ये तर १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांखालील बाळांच्या कपड्यांना अशी मर्यादा आहे.

रंगांत पहिला संशयित म्हणजे ‘डिस्पर्स’ रंग. ते पॉलिस्टर, नायलॉन आणि ॲसिटेटला लावतात, सुताला नाही. त्यांतले ‘डिस्पर्स ब्लू १०६’ आणि ‘१२४’ हे दोन निळे त्वचेच्या ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. गडद निळ्या, काळ्या, गडद हिरव्या आणि जांभळ्या कृत्रिम कापडांत त्यांची शक्यता जास्त. रंग धाग्याला बांधला जात नाही, नुसता आत शिरून बसतो. घामाने आणि घासण्याने बाहेर येतो. म्हणून शिंप्याकडची काळी-निळी पँटची कात्रणे त्वचा नाजूक असणाऱ्यांनी घेऊच नयेत, फुकट मिळाली तरी. भारतात १९९७ साली ‘अझो’ जातीच्या ठरावीक कृत्रिम रंगांवर बंदी आली, पण ती त्यांतून सुटणाऱ्या, कर्करोगाचा धोका असलेल्या अमाइन नावाच्या रसायनांमुळे. ॲलर्जी करणारे सगळे रंग त्यात येत नाहीत. छापील कापडात पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगपुडीची, छपाई बाइंडर नावाच्या गोंदासारख्या द्रव्याने चिकटवलेली असते. खडी प्रिंट बोटाला जाड, रबरी लागते ती त्यामुळेच. ती बाहेरच्या बाजूला, अंगापासून दूर चालेल, अस्तराला नको.

रंग जाणाऱ्या सुती कापडाला मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचे, हा उपाय घरोघरी आहे. तयार कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. आजच्या सुती कापडावर बहुधा रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिकरीत्या जुळणारा, रंग असतो. पाण्यात जातो तो धाग्याला न जुळलेला जादा रंग. तो गरम पाण्यात आणि साबणात धुऊन काढूनच टाकायचा असतो. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर तोच रंग घामात अंगालाही लागणार.

धुण्याची रीत अशी. कापड वजन करून घ्यावे. एका किलोला दहा लिटर पाणी. फक्त साध्या पाण्यात रात्रभर, दहा-बारा तास भिजवावे. पाणी गढूळ, किंचित बुळबुळीत होते, ती खळ. एक दिवसाहून जास्त ठेवले तर पाणी आंबते आणि कापडाला वास धरतो. दमट हवेत बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. पाणी ओतून द्यावे. मग दहा लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, धुण्याचा सोडा विरघळवून कापड पाऊण तास बुडवावे, मधूनमधून काठीने हलवावे. हातमोजे हवेतच, सोडा कातडी उतरवतो. रेशीम आणि लोकर या पाण्यात घालायची नाही. तीन वेळा खळबळून, मग बिनवासाच्या साबणाने किंवा पावडरीने एक धुणे, नेहमीच्या मापाच्या निम्म्या पावडरीत. शेवटच्या आधीच्या पाण्यात अर्धा कप पांढरे व्हिनेगर घातले की उरलेला सोडा मरतो आणि कापड मऊ होते. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एका बादलीत नकोत, क्लोरीन वायू सुटतो. कम्फर्टसारखे सुगंधी द्रव घालायचेच नाहीत. ज्यासाठी इतका खटाटोप केला तेच पुन्हा कापडावर चढते.

रिठा चालतो का, असे हमखास विचारले जाते. चालतो, पण पूड भिजवताना उडते आणि शिंकांचा भडिमार होतो. अख्खी रिठी बिया काढून उकळावीत. रिठा डोळ्यांत गेला तर आग होते आणि फिक्या कापडावर पिवळट झाक राहते. ‘नैसर्गिक’ म्हणून ॲलर्जी होत नाही, असेही नाही.

कापड उन्हात पूर्ण वाळल्यावर कोमट इस्त्री एका कोपऱ्यावर ठेवावी आणि वाफेचा वास पाहावा, तोही घरातल्या दुसऱ्या कोणी, ज्याला त्रास आहे त्याने नव्हे. वास आला तर सगळे पुन्हा. साध्या पोपलीन किंवा केंब्रिकला साधारण तीन धुणी लागतात, मांजरपाटाला चार. मांजरपाट धुतल्यावर आटतो, लांबीत दहा टक्क्यांपर्यंत, म्हणून आधी मापून तुकडे कापणाऱ्यांची फजिती होते. शेवटची परीक्षा अशी की धुतलेले कापड दोन-तीन रात्री उशीवर अंथरून झोपावे आणि चौथ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. पूर्वी कापडाने अंग सुजले असेल किंवा दम लागला असेल त्यांनी हा प्रयोग घरी करू नये.

एवढा व्याप नको असेल तर जुने सुती कापड, हाच राजमार्ग. पाच-सहा वर्षे नेसलेली सुती साडी, धोतर, पंचे, मलमलीचे सदरे. साडेपाच मीटरच्या साडीचे १.१ मीटरचे पाच चौकोन निघतात. एका लहान मुलाच्या पाच पदरी गोधडीला एक साडी पुरते. मोठ्या माणसाच्या एकेरी गोधडीला साडीचे तीन तुकडे करावेत, प्रत्येक सुमारे सहा फूट लांब; दोन साड्यांत सहा पदर. जरीचे काठ आणि पदर आधी कापून काढावेत. जर टोचते, आणि तिच्यातला धातू कोणाला बाधू शकतो. साडी जुनी असली तरी ती सुती आहे की सिंथेटिक ते जाळून बघावेच.

पोटात काय घालायचे, यावर आमचे मत ठाम आहे: पिंजलेला कापूस नको, फायबरच्या चादरीही नकोत. कापसाची रजई धुता येत नाही. पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून आणली तरी धूळ आणि सरकीचे कण राहतात, आणि माइटला ते घर मिळते. फायबरच्या चादरी बऱ्याचदा रेझिनने जोडलेल्या असतात. इस्त्री करून चिकटवायच्या चादरींत वर गोंदही असतो. साड्यांचे थर घालून केलेली गोधडी मात्र धुता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण, कौतुकाच्या लेखांत न सापडणारा. माइट मारायला पाणी निदान ५५ अंशांचे लागते. दोन वाटे उकळते पाणी आणि एक वाटा नळाचे धरले की कापड बुडाल्यावरही ६० च्या आसपास राहते. अर्धा तास झाकून ठेवावे. पण गोधडी पाणी पिऊन दुप्पट-तिप्पट जड होते. सहा पदरांच्या वर गेलात तर ती ना हाताने पिळता येते, ना एका दिवसात वाळते, आणि अर्धवट वाळलेली घडी केली की बुरशी. जाड एकीपेक्षा तीन-चार पदरांच्या दोन पातळ शिवाव्यात. थंडीत दोन्ही एकावर एक. कोकणात तर हाच नियम. टाके सुद्धा फार दाट नकोत, बोटभर अंतराच्या ओळी पुरतात. दाट टाक्यांची गोधडी वाळायला फार वेळ घेते.

शिवतानाची अडचण निराळीच असते. पदर एकत्र धरायला फवारायचा गोंद आणि चिकट बक्रम बंद. लांब टाक्यांनी टाचण घालावे, शिवून झाल्यावर उसवावे. सेफ्टी पिनांनीही टाचता येते, पण पिना, सुया आणि स्वस्तातले अंगुस्तान यांवर निकेलचा मुलामा असतो, आणि नकली दागिन्याने ज्यांचे कान चिघळतात त्यांची बोटे याच निकेलने फुटतात. चामड्याचे अंगुस्तान घ्यावे तर ते बहुधा क्रोमने कमावलेले. क्रोमची ॲलर्जी असेल तर तेही नाही. जुन्या मलमलीची दोन पदरी टोपी शिवून बोटावर चढवणे सोपे. हाताने शिवायला ‘ग्लेझ’ केलेला चकचकीत दोरा नको. साधा सुती दोरा, तोही गुंडीसकट कोमट पाण्यात भिजवून वाळवलेला. कापड फाडताना आणि कापताना जो लव उडतो त्याने नाक बंद होते. कापड किंचित दमट असताना, गच्चीत किंवा ओट्यावर कापावे. एन-९५ मुखपट्टी हा लव अडवते, फॉर्माल्डिहाइडचा वायू नाही. त्यामुळे नुसती मुखपट्टी लावून बंद खोलीत इस्त्री करणे निरर्थक आहे. खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. शिवताना कापड कडक लागले तर तांदळाच्या पेजेची हलकी खळ द्यावी, पण गोधडी झाली की ती धुऊन टाकावी, नाहीतर कसर आणि झुरळे येतात.

ठेवणीबद्दल एक इशारा, आणि तो ठळक अक्षरांत छापावा अशी विनंती. डांबराच्या गोळ्या गोधडीत कधीही घालू नयेत. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात, घनातून थेट वाफ होतात आणि कापडात मुरतात. जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा पांघरूण लागले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. बाळंतविड्यासाठी पेटीतून काढलेली जुनी दुपटी, गोधड्या त्यामुळे आधी तपासाव्यात. धुण्याने हा वास लवकर जात नाही, कारण नॅफ्थलीन पाण्यात फारसे विरघळत नाही. आठ-दहा दिवस वाऱ्यावर आणि उन्हात उघडे पसरले तर जाते, मग धुवावे. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला जुना उपाय आहे, पण वासाचा त्रास असणाऱ्यांना वेखंडही सोसत नाही. अशांनी पूर्ण वाळलेली गोधडी सुती पिशवीत बांधावी आणि महिन्याला ऊन दाखवावे. कसरीची शंकाच असेल तर प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, तीन-चार दिवस ठेवावी. माइटही मरतात, पण त्यांची मृत शरीरे आणि विष्ठाच ॲलर्जी करतात, म्हणून नंतर धुणे आलेच.

दुकानदार, प्रदर्शन भरवणारे आणि वर्ग घेणाऱ्या भगिनींकडे एवढेच मागणे आहे. विकायच्या गोधडीला एक कापडी चिठ्ठी शिवावी. वरचे कापड कोणते, अस्तर कोणते, पोटात काय, शिवण्याआधी किती वेळा आणि कशाने धुतले, अत्तर किंवा गोळ्या ठेवल्या होत्या का, एवढे तीन ओळींत मावते. कापड विकणाऱ्याने पैसे घेऊन का होईना, वीतभर नमुना द्यावा, म्हणजे गिऱ्हाईक घरी चुरगळून, धुऊन, उशीवर ठेवून पाहू शकेल. वर्गांनी पहिल्याच दिवशी कात्री हातात न देता कापड भिजत घालायला शिकवावे. आणि प्रदर्शनातल्या गाळ्यावर उदबत्ती लावू नये. तो वास गोधडीत बसतो आणि गिऱ्हाईक घरी नेऊन ती परत करते.

आपल्या,
गोधडी शिवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या काही जणी,
सातारा